दिवाणखाना मोठा, स्पीकर कोणते?

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे, जगदंबेचं मंदिर आहे, आणि रामनवमीला दूरदूरच्या प्रांतांतून माणसं लोटतात. तिथला नंगारा ज्यानं एकदा ऐकला त्याला मोठा आवाज म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे ज्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, त्याच्या इमारतीलाही नंगाऱ्याचाच आकार दिला आहे. पण नंगारा हे उघड्यावरचं वाद्य. त्याचा आवाज निघतो, माणसांच्या डोक्यावरून जातो, शेतशिवारात विरतो. परत येत नाही. म्हणून तो कितीही मोठा असला तरी ठोका न् ठोका सुटा ऐकू येतो. तोच नंगारा चार भिंतींत वाजवला तर एक ठोका दुसऱ्यात मिसळेल आणि उरेल तो नुसता घुमारा. घरासाठी स्पीकर घेताना आपल्यातले बरेच जण नेमकं हेच करतात, मैदानाचा हिशेब दिवाणखान्याला लावतात.

या भागात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घरं बदलली. पूर्वीची मातीच्या भिंतींची, कवेलूंची घरं. त्यांच्या छपराला इतक्या फटी, की आवाज घरात थांबायचाच नाही. आता मुंबई-पुण्याला नोकरी केलेली माणसं गावी परततात आणि स्लॅबचं घर बांधतात. त्यात ऐसपैस हॉल, त्यातच जेवणाचं टेबल, स्वयंपाकाच्या ओट्याशी मधे भिंत नाही, आणि एका कोपऱ्यातून वर जाणारा उघडा जिना. खाली गुळगुळीत टाइल्स, खिडक्यांना मोठाल्या काचा, वर पीओपी. डोळ्यांना छान वाटतं. कानांना कसं वाटतं ते पाहायचं असेल तर मधोमध उभं राहून एक टाळी वाजवावी.

पोहरादेवीजवळच्या एका तांड्यावर माझे एक स्नेही राहतात, निवृत्त गुरुजी आहेत, सत्तरी ओलांडलेली. त्यांनी असंच घर बांधलं. हॉल ३० फूट बाय २० फूट, उंची ११ फूट. त्यांच्याजवळ एक कॅसेट आहे. त्यांच्या आईनं होळीच्या वेळी गायलेल्या लेंगी त्यांच्या धाकट्या भावानं साध्या टेपरेकॉर्डरवर भरून ठेवल्या होत्या. आई आता नाही. नातवंडं पुण्यात वाढली, त्यांना मराठी येतं, इंग्रजी येतं, गोरबोली जेमतेम. दिवाळीत सगळे जमतील तेव्हा आजीचा आवाज त्यांना ऐकवायचा, एवढ्यासाठी गुरुजींनी शहरातल्या एका दुकानातून माणसाच्या छातीएवढे दोन स्पीकर आणि एक सबवूफर आणला. मग मला फोन आला. ‘‘भाई, आवाज तं मोठा आहे, पण माय काय म्हनते थेच समजत नाही.’’

मला का विचारलं? मी काही इंजिनिअर नाही, साधा बी.ए. पण कविसंमेलनं आणि मुशायऱ्यांच्या निमित्तानं मी पुष्कळ सभागृहं कानांनी तपासली आहेत. गझल वाचणाऱ्याला घुमणारी खोली लगेच कळते. शेराची पहिली ओळ संपते, तिचा रदीफ हवेत रेंगाळतो आणि दुसऱ्या ओळीच्या पहिल्या शब्दावर येऊन बसतो. लोक ‘वाहवा’ म्हणतात, पण त्यांनी शेर ऐकलेला नसतो, लय ऐकलेली असते.

यामागचं कारण शास्त्रानं सव्वाशे वर्षांपूर्वी शोधून ठेवलं आहे. १८९५ साली अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठात एका नव्या संग्रहालयातलं व्याख्यानाचं दालन निरुपयोगी ठरलं होतं. वक्ता बोलायचा, श्रोत्यांना काही समजायचं नाही. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकावर ते काम सोपवलं गेलं. त्यांनी रात्री, सगळं सामसूम झाल्यावर, शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या, दालनात मांडल्या आणि प्रत्येक वेळी आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजलं. गाद्या वाढल्या की सेकंद कमी. त्यातून त्यांनी जो नियम काढला तो आजही वापरतात. खोलीचं आकारमान जितकं जास्त तितका आवाज जास्त रेंगाळतो, आणि खोलीत आवाज पिणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका तो लवकर विरतो. १९०० साली उघडलेला बॉस्टनचा सिम्फनी हॉल त्यांच्याच सल्ल्यानं बांधला गेला.

हा नियम गुरुजींच्या हॉलला लावून पाहू. आकारमान सुमारे १८७ घनमीटर. रिकाम्या हॉलच्या भिंती, फरशी आणि छत आवाजाचा शंभरातला तीनच हिस्सा पितात असं धरलं, तर एखादा आवाज पुरता विरायला साडेचार सेकंदांहून जास्त वेळ लागतो. सोफा, माणसं, थोडंफार सामान आलं की दोनएक सेकंद. साधं बोलताना आपण एका सेकंदात चार-पाच अक्षरं उच्चारतो. म्हणजे आठ-दहा अक्षरं एकाच वेळी खोलीत हिंडत असतात. घरातल्या गाण्याला अर्धा-पाऊण सेकंद पुष्कळ झाला. विजापूरच्या गोल घुमटात एक टाळी पुन्हा पुन्हा ऐकू येते आणि आपण त्याचं कौतुक करतो, पण तिथे बसून कुणी बातम्या ऐकायच्या ठरवल्या तर?

त्यातही सगळी अक्षरं सारखी मार खात नाहीत. स्वरांमध्ये जोर असतो, आ, ओ, ऊ हे खोलीत दणदणत राहतात. अर्थ मात्र बराचसा व्यंजनांवर टिकलेला असतो, आणि स, श, च यांसारखी व्यंजनं बारीक, अशक्त आवाजाची. रेंगाळणारा स्वर त्यांच्यावर पांघरूण घालतो. वय वाढलं की कान पहिल्यांदा याच वरच्या पट्टीला मंदावतात. शिवाय ओळखीच्या भाषेत ऐकू न आलेलं अक्षर मन आपोआप भरून घेतं. ज्या नातवंडांना ती भाषाच नीट येत नाही त्यांना ही सवलत नाही. आजीचे शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचवायचे तर ते आपल्याला लागतात त्याहून स्वच्छ पोहोचायला हवेत.

अशा वेळी आपला हात आवाजाच्या बटणाकडे जातो. त्याचा उपयोग होत नाही, कारण स्पीकरचा आवाज वाढवला की खोलीचा घुमारा तितकाच वाढतो. उघड्यावर स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. बंद खोलीत स्पीकरकडून थेट येणारा आवाज असाच उतरतो, पण भिंतींवरून फिरून येणारा सगळीकडे जवळजवळ सारखाच राहतो. म्हणून प्रत्येक खोलीत एक हद्द असते. तिच्या आत बसलात तर स्पीकर ऐकू येतो, बाहेर बसलात तर खोली ऐकू येते. बोडक्या हॉलमध्ये ही हद्द स्पीकरपासून जेमतेम मीटरभर असते. सतरंजी, जाड पडदे, गाद्या, पुस्तकांची कपाटं आली की ती दोन मीटरपर्यंत सरकते. एवढं लक्षात आलं की मोठ्या हॉलची निम्मी खरेदी स्पीकरच्या दुकानात न होता कापडाच्या दुकानात होते.

आता वॉटचं प्रकरण. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बाजारात खोक्यांवर ‘२००० वॉट पीएमपीओ’ असं ठळक छापलेलं असे, आणि त्याच यंत्राचा अडॅप्टर भिंतीतून २० वॉटसुद्धा ओढत नसे. हे दोन हजार कुठून येत, ते छापणाऱ्यालाच ठाऊक. आजही पीएमपीओ दिसला तर डोळे मिटून घ्यावे आणि आरएमएसचा आकडा विचारावा. त्याहून कामाचा आकडा आहे सेन्सिटिव्हिटी, म्हणजे स्पीकरला एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो तो. मोठ्या खोलीसाठी हा ८८ ते ९० असावा. नव्वदचा स्पीकर असेल तर एका वॉटमध्ये चार मीटरवर, उघड्यावरसुद्धा, ७८ डेसिबल मिळतात, आणि घरात आपण सहसा त्याहून कमीच ऐकतो. ८४चा घेतला तर तेवढ्याच आवाजाला चार वॉट लागतील, कारण दर तीन डेसिबलला शक्ती दुप्पट करावी लागते. तबल्याची थाप अचानक उसळते तेवढ्यासाठी ५०-६० वॉटचा चांगला अॅम्प्लिफायर पुरे. शक्ती दहापट केली तरी कानाला आवाज जेमतेम दुप्पट वाटतो, हे दुकानदार सांगत नाही.

खालचा, भारदस्त आवाज मात्र मोठ्या उघड्या हॉलमध्ये खरोखरच पातळ होतो. ५० हर्ट्झच्या एका लाटेची लांबी सात मीटरच्या आसपास असते, आणि हॉलला स्वयंपाकघर नि जिना जोडलेला असला की त्या लाटेला पसरायला आणखी जागा मिळते. शेल्फवर ठेवायचा चार इंची स्पीकर इथे दमतो. साडेसहा किंवा आठ इंची वूफर असलेला, जमिनीवर उभा राहणारा स्पीकर घ्यावा. तो कोपऱ्यात कोंबू नये. कोपरा खालचा आवाज फुगवतो आणि गाणारी माणसं रांजणात बसल्यासारखी वाटतात. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढला की फरक लगेच कळतो.

जोडीतले दोन स्पीकर शोभेसाठी हॉलच्या दोन टोकांना ठेवण्याची पद्धत पडली आहे. ती स्टिरिओच्या मुळावरच येते. इंग्लंडच्या अॅलन ब्लुमलाइन यांनी १९३१ साली स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यातली मूळ गंमत अशी, की दोन बाजूंना दोन स्पीकर आणि गाणारा मात्र मधोमध, जिथे काहीच नाही, तिथे उभा असल्याचा भास. हा भास साधायला दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण लागतो. आठ-नऊ फुटांची बाजू ठीक. म्हणून हॉल तीस फुटांचा असला तरी ऐकण्यासाठी त्यातली एक बैठक ठरवावी, तिथे गालिचा किंवा सतरंजी अंथरावी आणि बाकीच्या हॉलचा विचार सोडून द्यावा. स्वयंपाकघरात उभं राहणाऱ्याला गाणं ऐकू येईल, त्रिकोण मिळणार नाही. त्याला इलाज नाही. टीव्हीखालची लांबट साउंडबार किंवा एकच ब्लूटूथ डबा दहा फुटांवरून उजवं-डावं फारसं राखू शकत नाही, हेही सांगून ठेवतो.

गुरुजींच्या घरी मी गेलो तेव्हा स्पीकर वीस फुटांवर, दोन कोपऱ्यांत होते. ते जवळ आणले. सबवूफर बंद केला, कारण त्या कॅसेटवर तेवढ्या खालचं काही नव्हतंच. गोधड्या, सतरंज्या, दोन गाद्या खाली आल्या, काचांवर सोलापुरी चादरी लटकल्या. तरीही आईचा आवाज मधे येईना. तो डोक्याभोवती कुठेतरी, पोकळ, भुतासारखा. कॅसेट मोनो होती, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून अगदी एकच आवाज येत होता आणि तो नाकासमोर उमटायलाच हवा होता. तेव्हा मागे वाकून पाहिलं. एका स्पीकरच्या तांबड्या खुंटीला काळी तार लावलेली होती. अशी उलटी जोडणी झाली की एक पडदा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, खालचा आवाज एकमेकांत खलास होतो आणि मधला माणूस नाहीसा होतो. तार बदलली. आवाजाचं बटण होतं त्याच्या निम्म्यावर आणलं. दुसऱ्याच लेंगीला नातीनं एका शब्दाचा अर्थ विचारला. गुरुजींनी तो सांगायला घेतला आणि कॅसेट तीनदा मागे न्यावी लागली.

(अशी जुनी कॅसेट कुणाकडे असेल तर ती वारंवार वाजवण्याआधी टेपचं हेड साफ करून एकदाच नीट संगणकावर उतरवून घ्या. टेप झिजते, आणि झिजताना आधी वरचे बारीक आवाजच जातात.)

स्पीकर विकत घेताना ओळखीच्या माणसाच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये घेऊन जावं. नुसत्या वाद्यांवरून खोट कळत नाही, आईचा, बायकोचा आवाज बिघडला तर तत्काळ कळतं. दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला लावा, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर माणसाला नेहमीच चांगला वाटतो आणि विकणाऱ्याला हे चांगलं माहीत असतं. दुकानातली खोली लहान आणि गालिच्याची असते, तुमचा हॉल तसा नाही. म्हणून शक्य असेल तर दोन दिवस घरी वाजवून मग पैसे देण्याचं ठरवावं.

शेजारधर्मही आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. स्लॅबच्या घरात खिडक्या उघड्या ठेवून सबवूफर वाजवला तर ती कुंपणापलीकडे सहज मोडते.

तारेवर पैसे घालवू नयेत. हॉलमध्ये दहा मीटर तार न्यायची असेल तर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरेपूर आहे. वूफरच्या कडेचं वेटोळं मात्र बोटानं दाबून पाहावं. फोमचं असेल तर आपल्याकडच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात दहा-पंधरा वर्षांत त्याचा भुगा होतो, रबराचं जास्त टिकतं. जुना स्पीकर घेणाऱ्यानं तर आधी तेच पाहावं. आणि स्पीकरच्या मागे किंवा पुढे हवा जाण्यासाठी जे गोल भोक असतं त्याला आतून बारीक जाळी बसवून घ्यावी. पावसाळ्यात उंदराला त्याहून ऊबदार घर सापडत नाही.