खेळाडू मुलींचे न बोललेले दुखणे

७ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ४९ किलो वजनी गटात मीराबाई चानूने एकूण १९९ किलो वजन उचलले. कांस्यपदक गेले २०० किलोला! पाळीचा तिसरा दिवस असल्याने अशक्तपणा जाणवत होता, असे तिने नंतर पत्रकारांना आडपडदा न ठेवता सांगितले. एक किलो त्यामुळेच कमी पडला का, हे कोण सांगणार? पण निदान ती बोलली. आपल्या गावोगावच्या मैदानांवर मुली 'पोट दुखतंय' म्हणून सराव चुकवतात. खरे कारण प्रशिक्षकांनाही ठाऊक असते, पण तेही विषय वाढवत नाहीत.

त्याहून मोठा धोका पाळी न येण्याचा. लांब पल्ल्याची धावपटू असो की जिम्नॅस्ट, पाळी थांबली की तिला सुटल्यासारखे वाटते. सराव उत्तम चालल्याचे ते लक्षण आहे, असाही समज असतो. प्रत्यक्षात व्यायामाला पुरेल इतके जेवण पोटात जात नसल्याने शरीराने काटकसर सुरू केलेली असते. इस्ट्रोजेन घटते, हाडे कमकुवत होतात आणि एके दिवशी नुसत्या धावण्याने नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो. 'वजन कमी कर' हा सल्ला सगळे देतात. 'पोटभर जेव' असे सांगणारा विरळाच.

शिवाय रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये तो आढळला. हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंना प्राणवायू कमी. अशी मुलगी शेवटच्या फेरीत मागे पडते आणि खापर फुटते तिच्या जिद्दीवर! खरे तर आधी रक्त तपासायला हवे. बाजरीची भाकरी, हळीव, पालेभाजीवर लिंबू हे घरातलेच उपाय. जेवणासोबतचा चहा मात्र टाळावा, त्याने अन्नातले लोह नीट शोषले जात नाही. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

पाळीचा खेळावर होणारा परिणाम प्रत्येकीत वेगळा असतो. कुणाला काहीच फरक पडत नाही, कुणी दोन दिवस गळून जाते. म्हणून तारखा, झोप, थकवा यांची नोंद एका वहीत ठेवावी. इंग्लंडमधील चेल्सी क्लबने २०२० मध्ये महिला फुटबॉलपटूंचा सराव पाळीच्या चक्रानुसार आखायला सुरुवात केली, तीही अशाच नोंदींच्या आधारे. आपल्याकडे वही पुरे, फक्त ती मोकळेपणाने दाखवता येईल अशी एखादी शिक्षिका किंवा ताई मैदानावर हवी.

आणि आई? 'मग खेळ सोड' म्हणण्याआधी तिने ती वही चाळावी. सलग तीन महिने पाळी आली नसेल किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही सुरूच झाली नसेल, तर मुलीला घेऊन डॉक्टरांकडे जावे. जाताना वही सोबत न्यावी.