दुसरी मोटार : गरज, हिशेब आणि मात्रा

आपल्या व्यवसायबंधूंच्या बैठकीत औषधींचे भाव, द्रव्यांची भेसळ आणि शासकीय परवाने हे विषय संपले, की बोलणे हटकून मोटारीवर येते. घरी एक प्रशस्त गाडी आहे, ती कुटुंबाला आणि गावी जाण्याला ठीक; परंतु रोज चिकित्सालयात जाण्यासाठी तीच बाहेर काढली, की पेट्रोलचा खर्च डोळ्यांत भरतो. मग कोणीतरी म्हणतो, "कमी इंधन पिणारी एक लहान गाडी घेऊन टाका, वर्षा-दोन वर्षांत पैसे वसूल!" हे विधान आम्हीही अनेकदा केले होते. गतवर्षी ते स्वतःवर लागू करण्याची वेळ आली, तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या हिशेबातून निघालेले निष्कर्ष वैद्य आणि औषधी विक्रेते बंधूंच्या उपयोगी पडतील, या हेतूने येथे मांडत आहोत.

रोजची वाट

आमचे वास्तव्य नेरूळमधील सारसोळे येथे. सिडकोच्या नियोजित विभागांनी वेढलेले हे मूळचे कोळी-आगरी गाव. एका अंगाला पाम बीच मार्ग, त्यापलीकडे खारफुटी, खाडी आणि जेट्टी. दुसऱ्या अंगाला गावठाणाच्या अरुंद गल्ल्या. चिकित्सालय पनवेलला. बेलापूरपर्यंत पाम बीच मार्ग, पुढे शीव-पनवेल महामार्गाने खारघर, कामोठे, कळंबोली ओलांडून पनवेल; जाऊन-येऊन सुमारे ४० किलोमीटर. महिन्याचे २५ दिवस धरले, तर १००० किलोमीटर.

येथे कोणी विचारील, की हार्बर मार्गाची लोकल १९९८ पासून पनवेलपर्यंत जाते, मग मोटार कशाला? प्रश्न योग्य आहे. केवळ नाडी पाहून औषध लिहायचे असेल त्या दिवशी आम्ही आजही नेरूळ स्थानकावरून गाडी पकडतो, आणि ज्यांचे चिकित्सालय स्थानकालगत आहे त्यांनी हा लेख येथेच मिटला तरी चालेल. परंतु पंचकर्माच्या दिवशी तेलांचे डबे, क्वाथाची भरड आणि बस्तीचे साहित्य घेऊन सायंकाळच्या गर्दीत शिरणे शक्य होत नाही.

धनाचा हिशेब

सोयीसाठी पेट्रोल लिटरला १०५ रुपये, सीएनजी किलोला ८० रुपये आणि घरची वीज युनिटला १२ रुपये धरू. वाचकांनी आपापल्या गावचे चालू दर घालावेत. हिशेबाची रीत बदलत नाही.

आमची सात आसनी गाडी शहरात लिटरला १० किलोमीटर चालते. १००० किलोमीटरला १०० लिटर, म्हणजे महिना १०,५०० आणि वर्षाला १,२६,००० रुपये. लहान पेट्रोल गाडीने लिटरला १८ किलोमीटर दिले, तर महिना सुमारे ५,८००, वर्षाला ७०,००० रुपये. सीएनजीवर किलोला २५ किलोमीटर धरले, तर महिना ३,२००, वर्षाला ३८,४०० रुपये. विजेची गाडी, चार्जिंगमधील गळती जमेस धरून, युनिटला ६ किलोमीटर चालली, तर महिना २,०००, वर्षाला २४,००० रुपये.

म्हणजे लहान पेट्रोल गाडी घेतल्यास इंधनात वर्षाला ५६,००० रुपये वाचतात. येथपर्यंत सर्वांचा हिशेब बरोबर असतो. चूक पुढे होते, कारण गाडी उभी असतानाही खाते, हे आपण विसरतो. नवी लहान गाडी रस्त्यावर येईपर्यंत साडेसहा लाख रुपये लागतात असे समजू. पाच वर्षांत तिचे मोल निम्मे झाले, तर वर्षाची घट ६५,०००, ८ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याज ५२,०००, विमा २०,०००, देखभाल ८,०००. एकूण १,४५,००० रुपये. छप्पन्न हजार वाचवण्यासाठी एक लाख पंचेचाळीस हजार खर्चणे, याला बचत म्हणता येत नाही.

हीच गाडी सहा-सात वर्षे वापरलेली, अडीच लाखांना घेतली तर? घट २५,०००, गुंतलेल्या रकमेचे व्याज २०,०००, विमा ८,०००, दुरुस्ती १५,०००, एकूण ६८,०००. तरीही तूट १२,००० रुपयांची. मोठ्या गाडीची वर्षाकाठी १२,००० किलोमीटरची झीज वाचते, टायर अधिक टिकतात, हे जमेस धरले तर तोंडमिळवणी होते, नफा नव्हे. नवी गाडी सीएनजीवर घेऊन महिना २००० किलोमीटर धावणाऱ्या व्यवसायबंधूचा हिशेब जेमतेम जुळेल. तात्पर्य, केवळ इंधन वाचवण्यासाठी दुसरी मोटार घेणे हा धनाच्या दृष्टीने बहुधा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. आम्ही तो कागद घडी करून ठेवला आणि विषय संपला असे समजलो.

प्राणाचा हिशेब

त्यानंतर जुलै महिन्यातील एका सायंकाळी आम्ही पनवेलला रुग्ण पाहत असताना घरून दूरध्वनी आला. ऐंशी वर्षांच्या आमच्या वडिलांना एकाएकी श्वास लागला होता. पाऊस कोसळत होता, महामार्ग तुंबला होता, आणि घरची एकमेव मोटार आमच्याजवळ, सतरा-अठरा किलोमीटर दूर. सौभाग्यवती उत्तम मोटार चालवतात. परंतु चालवण्यास मोटार नव्हती. रिक्षा मिळेना. अखेर गावठाणातील एका कोळी शेजाऱ्याने मासळीचा टेंपो काढला, त्यात गादी टाकली आणि वडिलांना रुग्णालयात पोहोचवले. आम्हांस तेथे पोहोचण्यास सव्वा तास लागला. वडील सावरले. दुसऱ्या दिवशी ते हसून म्हणाले, "मासळीचा वास अजून नाकात आहे." आम्हांला मात्र हसू आले नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिस्रैषणीय अध्यायात तीन एषणा सांगितल्या आहेत. प्राणैषणा प्रथम, धनैषणा त्यानंतर, परलोकैषणा शेवटी. विद्यार्थ्यांना हा क्रम आम्ही अनेकदा समजावला होता. आपल्या घरच्या कागदावर मात्र दुसऱ्या क्रमांकापासूनच आरंभ केला होता. दिवसा घरी वृद्ध आणि आजारी माणूस आहे, चालवणारे हात आहेत, पण वाहन नाही, ही खरी गरज होती. ती मान्य केल्यावर पहिला प्रश्न 'किती वाचेल' हा उरला नाही. 'कमीत कमी भार घेऊन ही गरज कशी भागेल' हा झाला, आणि वर्षाला बारा हजारांची तूट असलेला तोच कागद आता स्वस्त वाटू लागला.

गुरु आणि लघु

मात्राशितीय अध्यायात द्रव्याच्या गुरु-लघुत्वाबरोबर अग्निबलाचा विचार सांगितला आहे. मोटार घेतानाही आपले अग्निबल, म्हणजे मासिक मिळकत आणि रोजचे अंतर, पाहावे.

रोज ३० किलोमीटरपेक्षा कमी प्रवास असेल, तर साधी लहान पेट्रोल गाडी पुरे. सीएनजीसाठी त्याच गाडीला सुमारे ९० हजार ते एक लाख रुपये अधिक मोजावे लागतात. आमच्या हिशेबाने पेट्रोलच्या तुलनेत वर्षाला ३१,६०० रुपये वाचतात, म्हणजे वाढीव किंमत फिटण्यास तीन वर्षे. शिवाय सिलिंडर सामानाची जागा व्यापतो, ही बाब औषधांची खोकी नेणाऱ्या विक्रेत्यांनी विसरू नये. २०२३ पासून काही गाड्यांत दोन लहान सिलिंडर तळाशी बसवून जागा मोकळी ठेवलेली असते, त्या पाहाव्यात. सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. विजेची गाडी चालवण्यास सर्वांत स्वस्त. परंतु तिला स्वतःच्या मीटरवरून चार्जिंग करता येईल अशी हक्काची जागा हवी. गावठाणात आणि सिडकोच्या जुन्या इमारतींत हीच अडचण आहे.

जाहिरातीतील आकड्यांविषयीही सावध राहावे. ते प्रयोगशाळेत, फिरत्या रोलरवर, ठरावीक गतिक्रमाने केलेल्या चाचणीचे असतात. आपल्या रस्त्यावर सिग्नल, पाऊस आणि वातानुकूलन असते. टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटर टिपावेत, पुन्हा काठोकाठ भरावी आणि भागाकार करावा. असे तीन वेळा केल्यावर येणारा आकडाच खरा. २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने हा आकडा किंचित घटतो, कारण इथेनॉलमध्ये तेवढ्याच आकारमानाच्या पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी ऊर्जा असते.

त्रिविध परीक्षा

आम्ही सात वर्षे वापरलेली लहान पेट्रोल गाडी घेतली. जुनी गाडी घेताना दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या आपल्या परिचित परीक्षा उपयोगी पडतात. दर्शन : दारांच्या फटी सारख्या आहेत का, रंगाची छटा एकच आहे का, टायर एकाच बाजूने झिजले आहेत का. स्पर्शन : इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे, विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असेल तर पुन्हा यावे. रबरी नळ्या दाबून पाहाव्यात, कारण २०२३ पूर्वीच्या अनेक गाड्यांचे रबरी भाग नव्या मिश्र इंधनासाठी घडवलेले नाहीत. प्रश्न : किती हात बदलले, देखभालीची नोंद कोठे आहे, कर्जाचा बोजा उतरला आहे का.

आपल्या किनारपट्टीवर चौथी गोष्टही पाहावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाण्यात बुडालेल्या मोटारींचा प्रश्न सर्वांना कळला. त्यानंतरही प्रत्येक मोठ्या पुरानंतर अशा गाड्या धुऊन-पुसून बाजारात येत असतात. आसनपट्टा पूर्ण बाहेर ओढून चिखलाची रेघ शोधावी, पायाखालचा गालिचा उचलून गंज पाहावा, कुबट वास आल्यास निघून यावे. खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावे करण्यासाठी अर्ज द्यावा.

कराविषयी दोन शब्द. हिशेबवही ठेवणाऱ्या व्यावसायिकास मोटारीवर १५ टक्के घसारा मिळतो, तोही व्यवसायातील वापराच्या प्रमाणात. अनुमानित पद्धतीने कर भरणाऱ्यास तो वेगळा मिळत नाही. औषधी दुकानदारांना प्रवासी मोटारीवर भरलेल्या वस्तू-सेवा कराची वजावट सहसा मिळत नाही. तेव्हा "करात वाचतील" या भरवशावर खरेदी करू नये.

उपसंहार

आता लहान गाडी पनवेलला जाते आणि लिटरला साडेसतरा किलोमीटर देते; दर सोमवारी सकाळी टायर थंड असताना हवा पाहणे आणि पाम बीच मार्गावर एकसारख्या वेगाने जाणे, एवढेच तिचे पथ्य. मोठी गाडी फाटकाशी उभी असते. मार्चमध्ये वडिलांना पुन्हा एकदा रात्री आठ वाजता न्यावे लागले. आम्ही पनवेलहून निघण्यापूर्वीच सौभाग्यवतींचा दूरध्वनी आला, "पोहोचलो, डॉक्टर तपासत आहेत, सावकाश या." त्या रात्री आम्ही खरोखरच सावकाश आलो.

ज्यांच्या घरी अशी गरज नाही, त्यांनी दुसऱ्या मोटारीचा मोह टाळावा, किंवा मोठी विकून एकच लहान ठेवावी आणि गावी जाताना भाड्याने घ्यावी. ज्यांची गरज खरी आहे, त्यांनी वसुलीचा हिशेब मांडून मन खट्टू करून घेऊ नये. आणि ज्या शेजाऱ्याचा टेंपो वेळेला उपयोगी पडला, त्याच्या घरी वेळ आली तर आपली मोटार फाटकाशी तयार असावी, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.