हाडांना वय विचारले तर?

तुमचे वय किती, असे कोणी विचारले तर तुम्ही जन्मतारीख सांगता. पण ज्याच्या जन्माची नोंदच नाही, त्याचे काय? गुन्ह्याच्या तपासात आरोपी १८ वर्षांखालील असेल, तर त्याला बालकांचा कायदा लागतो. अशा वेळी त्याच्या हाडांचे क्ष-किरण चित्र घेतात.

हे चित्र कसे उमटते ते पाहू. हाडात कॅल्शियम असते. त्याचा अणुक्रमांक २० आहे. स्नायूंत मुख्यतः हायड्रोजन, कार्बन व ऑक्सिजन असतात. त्यांचे अणुक्रमांक १, ६ व ८. अणुक्रमांक मोठा असेल तर क्ष-किरण कितीतरी अधिक शोषले जातात. म्हणून चित्रात हाड पांढरे दिसते.

मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती मऊ कूर्चेची असल्याने चित्रात दिसत नाहीत. पुढे कॅल्शियम साठत जाते आणि एकेक हाड दिसू लागते. पहिली दोन पहिल्याच वर्षी दिसतात, शेवटचे बहुधा ९ ते १२ वर्षांच्या दरम्यान. लांब हाडांची टोकेही आरंभी कूर्चेच्या चकतीने वेगळी असतात. मनगटाजवळची चकती साधारण १६ ते १९ या वयात भरून येते. मुलींमध्ये हे मुलांच्या आधी घडते.

मग ठरावीक नमुन्यांशी ताडून पाहिले की वय निघाले, असे वाटेल. पण ग्रॉयलिक आणि पाइल यांचा १९५० मधील प्रसिद्ध नमुनासंग्रह अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या सुखवस्तू मुलांवरून केलेला आहे. आहार, आजार आणि आनुवंश यांनी हाडांची वाढ मागेपुढे होते. या पद्धतीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये नमूद केले. म्हणजे अहवालात १७ असेल, तर खरे वय १५ ते १९ मध्ये कोठेही असू शकेल. नेमकी १८ ची रेषा त्यातच येते!

वाढ पूर्ण झाल्यावर तर अडचण आणखी वाढते. पुण्यातील १९९४ च्या एका हत्याकांडात एका आरोपीला फाशीची शिक्षा झाली होती. २००५ मधील तपासणीत त्याचे वय २२ ते ४० वर्षे असे आले. यातून ११ वजा करा. गुन्ह्याच्या वेळी तो ११ वर्षांचाही असू शकेल आणि २९ चाही! अखेर राजस्थानातील त्याच्या शाळेच्या नोंदीवरून तो तेव्हा साडेबारा वर्षांचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ठरवले. तोवर त्याची २८ वर्षे तुरुंगात गेली होती.

म्हणूनच २०१५ च्या कायद्यात क्रम दिला आहे: आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा वा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी.

आता आपल्या वाशी तालुक्याकडे पाहा. येथील पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख आढळते. महाराष्ट्रात इतरत्रही तेच. जन्माची नोंद नसली, की गुरुजी अंदाजाने वर्ष धरून शाळा भरण्याच्या महिन्याची ही तारीख लिहीत. घरात बाळ जन्मले तर २१ दिवसांत नोंद झाली का, हे तुम्ही विचारा. आणि शिक्षकांनो, प्रवेश देताना जन्मदाखला स्वतः वाचून मगच तारीख लिहा. त्या एका ओळीइतके नेमके उत्तर कोणतेही हाड देऊ शकत नाही.