तोडलेली रसद

काचेच्या बशीत माणसाच्या पेशी वाढवलेल्या, त्यांत टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी सोडलेला. पेशींना इंटरफेरॉन-गॅमा हे संरक्षणाचा इशारा देणारं प्रथिन दिलं की परजीवीची वाढ थांबायची. अमेरिकेतल्या डार्टमथच्या वैद्यकीय महाविद्यालयात एल्मर फेफरकॉर्न यांनी खाद्यद्रवात ट्रिप्टोफॅन या पोषक घटकाची मात्रा वाढवून पाहिली, आणि परजीवी पुन्हा फोफावला. १९८४ साली हे प्रसिद्ध झालं. पेशींनी घुसखोराची रसदच तोडली होती!

ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल शरीराला बनवता येत नाही. दूध, अंडी, डाळी, शेंगदाण्यांतून ते मिळवावं लागतं. त्याच्या लहानशा वाट्यातून सेरोटोनिन तयार होतं. बराचसा भाग मात्र 'कायन्युरेनिन'च्या वाटेला लागतो. एरवी हे काम मुख्यतः यकृतात चालतं. दाह पेटला, की इंटरफेरॉन-गॅमाच्या इशाऱ्यावर इतर पेशीही आयडीओ नावाचं विकर बनवू लागतात आणि ट्रिप्टोफॅनचा फडशा पाडतात. जपानी शास्त्रज्ञ ओसामु हायाइशी यांच्या गटाने १९६७ साली सशाच्या आतड्यात हे विकर शोधलं. ते सुपरऑक्साइडही वापरू शकतं, हे पुढे दिसलं. दाहाच्या वेळी पांढऱ्या पेशी ऑक्सिजनचं हेच आक्रमक रूप फवारत असतात.

जंतूंविरुद्धची ही युक्ती कर्करोगाने उचलली. त्याचा धागा मात्र गर्भारपणात सापडला.

डेव्हिड मन आणि अँड्रू मेलर यांनी १९९८ साली गाभण उंदरांवर प्रयोग केला. आयडीओ रोखताच आईच्या टी-पेशींनी, म्हणजे परक्यांवर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशींनी, पोटातल्या गर्भांवर हल्ला चढवला. ट्रिप्टोफॅन आटलं की टी-पेशी थंडावतात, असं त्यामागचं स्पष्टीकरण होतं. २००३ साली ब्रसेल्सच्या संशोधकांना माणसाच्या अनेक गाठींमध्ये हेच विकर आढळलं. गाठीभोवतीच्या दाहामुळे आयडीओ वाढतं, टी-पेशींची उपासमार होते, वर कायन्युरेनिन त्यांना आणखी दडपतं. गाठ मात्र सुखात वाढते. कुंपणानेच शेत खावं, तसा हा प्रकार.

दाहातल्या या आक्रमक ऑक्सिजनमुळे पेशींवर येणाऱ्या ऑक्सिडेटिव्ह ताणाची झळ इतर अमिनो आम्लांनाही लागते. फेनिलॲलनिनचं टायरोसिन होण्यासाठी टेट्राहायड्रोबायोप्टेरिन हा सहायक रेणू लागतो आणि तो ऑक्सिडेशनने चटकन निकामी होतो. मग रक्तात फेनिलॲलनिन साचतं. टायरोसिनपासून डोपामिन बनतं, म्हणून ही अडचण मेंदूपर्यंत पोहोचू शकते. अनेक कर्कपेशी या ताणातून स्वतः वाचण्यासाठी सिस्टीन आत ओढून ग्लुटाथायोन हा संरक्षक रेणू बनवतात. सिस्टीनची वाट अडवली तर काही पेशी मेदाच्या ऑक्सिडेशनने मरतात. या मरणाला २०१२ साली 'फेरॉप्टोसिस' हे नाव मिळालं.

कर्करोगात आयडीओ रोखलं की काम फत्ते, अशी आशा होती. आयडीओ रोखणारं एपाकॅडोस्टॅट हे औषध, टी-पेशींना मोकळं करणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅबच्या जोडीने, मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या ७०६ रुग्णांवरील चाचणीत तपासलं गेलं. २०१८ साली निकाल आला: एकट्या पेम्ब्रोलिझुमॅबपेक्षा या जोडीचा जास्त फायदा नाही. एक संभाव्य कारण असं, की टीडीओसारखी दुसरी विकरंही ट्रिप्टोफॅन तोडतात; एक दार लावलं तरी दुसरं उघडंच.

कर्करोगाच्या रुग्णाला न हटणारा थकवा येतो, मन उदास होतं. त्याला अनेक कारणं असतात. रक्तातलं घटलेलं ट्रिप्टोफॅन हे त्यांपैकी एक असू शकतं, असं काही अभ्यास सुचवतात. म्हणून घरच्यांनी "जरा मन घट्ट कर" असं सांगून हा थकवा उडवून लावू नये आणि दुकानातून अमिनो आम्लांच्या गोळ्याही परस्पर आणू नयेत. पुढच्या तपासणीला जाताना थकव्याची तक्रार कागदावर लिहून न्यावी आणि डॉक्टरांपुढे ठेवावी.