गागोद्याची माउली : जिची नोंद वहीत नव्हती

पेण, नागोठणे, रोहा या गावांत दुकान वा पेढी मांडलेल्या आपल्या घराण्यांत वहीला मोठा मान असतो. दिवाळीला तिचे पूजन होते आणि जमा-नावे यांचा पै-पैचा मेळ तीत घातला जातो. धरमतरच्या बंदरात उतरलेला माल, खाडीकाठच्या मिठागरांतील मीठ, शेतकऱ्याने आणून टाकलेले भात, यांपैकी काहीही नोंदीतून सुटत नसे. त्याच घरात सर्वांच्या आधी उठणाऱ्या, सर्वांच्या नंतर जेवणाऱ्या आजीची नोंद मात्र कोणत्याही पानावर आढळत नाही. ती गेल्यावर दोन पिढ्यांतच तिचे माहेर कोठले, हे कोणाला तरी विचारून घ्यावे लागते.

याच पेण तालुक्यातील एका गृहिणीचे चरित्र मात्र आपल्याला बरेच ठाऊक आहे. तिने स्वतः काही लिहून ठेवले नाही, परंतु तिच्या मुलाने तिचे बोलणे-वागणे आयुष्यभर आठवणीत जपले आणि पुनःपुन्हा सांगितले. ती गृहिणी म्हणजे गागोद्याच्या भावे घराण्यातील रुक्मिणीबाई, आणि तो मुलगा म्हणजे आचार्य विनोबा भावे.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे येथे झाला. आजोबा शंभुराव हे धर्मनिष्ठ, व्रतस्थ गृहस्थ. वडील नरहरराव नोकरीनिमित्त बडोद्यास असत. त्यामुळे मुलांचे सुरुवातीचे दिवस आजोबा आणि आई यांच्या छायेत गेले. पुढे कुटुंब बडोद्यास गेले, तरी विनोबांच्या मनातील आई बऱ्याच अंशी कोकणातल्या त्या घरातील राहिली.

त्या घरी फणसाचे झाड होते. फणस पिकला की मुलांची जीभ खवळणारच. परंतु आई गरे काढून पानांच्या द्रोणांत भरी आणि ते घरोघर पोहोचवण्यास मुलालाच पाठवी. शेजारपाजारी वाटून झाल्यावर घरच्यांची पाने मांडली जात. देणारा तो देव आणि आपल्यापाशीच ठेवणारा तो राक्षस, असे तिने मुलाला साध्या शब्दांत सांगितले होते. आधी द्यावे आणि मग खावे, हा धडा त्या वयात थेट हातापायांनी शिकला गेला. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीनांसाठी शंभर एकर जमीन मिळाली, भूदानाला आरंभ झाला आणि विनोबा पुढे सुमारे तेरा वर्षे पायी हिंडले. त्या मोठ्या चळवळीचे बी शोधू लागले, तर गागोद्याच्या द्रोणांपर्यंत जाऊन थांबावे लागते.

दानाविषयी तिची समज किती खोल होती, हे दुसऱ्या एका प्रसंगावरून दिसते. एकदा दारी धडधाकट भिकारी आला. आईने त्याला भिक्षा घातली. मुलगा तर्कशुद्ध, तो म्हणाला की अशाने आळसाला उत्तेजन मिळते, पात्र पाहून द्यावे. आईचे उत्तर असे होते की, दारी आलेल्याची पारख करणारे आपण कोण? जो येतो तो देवाचेच रूप समजून द्यावे. आपल्याकडे सुपात्रदानाचा महिमा सांगितला जातो, तसाच अनुकंपादानाचाही, आणि अनुकंपेत पात्र-अपात्राचा हिशेब केला जात नाही. ग्रंथ न चाळलेल्या या बाईला तो भेद आपोआप उमगला होता.

तिच्या उत्तरांत गोडी होती आणि चातुर्यही होते. शेजारची एखादी बाई आजारी पडली की रुक्मिणीबाई तिच्या घरी स्वयंपाकाला जात. परंतु आधी स्वतःच्या घरचा स्वयंपाक उरकून मगच निघत. मुलाने विचारले, आधी आपले आणि मग दुसऱ्याचे, हा स्वार्थ नव्हे काय? आई हसून म्हणाली की, त्यांचे आधी रांधून ठेवले तर जेवणाच्या वेळेपर्यंत ते निवून जाईल. म्हणून त्यांचे शेवटी रांधायचे. मुलाला जो स्वार्थ वाटला, तो शेजाऱ्याच्या पानात गरम घास पडावा यासाठीचा खटाटोप होता.

घरी शिक्षणासाठी एक गरीब विद्यार्थी राहत असे. शिळे अन्न उरले की ते आई स्वतः खाई किंवा आपल्या मुलाला वाढी. त्या विद्यार्थ्याच्या पानात कधी शिळे पडत नसे. मुलाने हा भेदभाव दाखवून दिला. सर्वांना समान लेखावे असे तूच सांगतेस, मग हे कसे? आईने आपली बाजू सावरून धरली नाही. तिने सरळ कबूल केले की, तू मला मुलगा वाटतोस आणि तो मला अतिथी, म्हणजे देव वाटतो. तुझ्यातही मला देव दिसू लागेल तेव्हा हा भेद उरणार नाही. आपल्या मनातील ममता इतक्या स्वच्छपणे ओळखून मुलापुढे मांडणे सोपे नाही.

तिने एकदा देवाला लाख तांदूळ वाहण्याचा नेम धरला. रोज बसून ती एकेक दाणा मोजी. वडिलांनी युक्ती सुचवली की, एक तोळा तांदूळ मोजून घे, त्यावरून लाखाचे वजन काढ आणि वर थोडे अधिक टाक. हिशेब चोख होता. आपल्यासारख्या तराजू हाती धरणाऱ्यांना तर तो लगेच पटावा. आईला मात्र त्यावर उत्तर सुचेना. संध्याकाळी तिने मुलाला विचारले. तो म्हणाला की, हे गणित नाही. एकेक दाण्याबरोबर देवाचे स्मरण होते, ते वजनात कसे येणार? आई आनंदली आणि वडिलांना जाऊन तेच सांगितले. जपमाळेचा एकेक मणी ओढणाऱ्या आपल्या आजींना हे उत्तर अगदी आपले वाटेल.

तिला गीता ऐकायची ओढ होती. संस्कृत कळेना, मराठी पद्यानुवाद आणून दिला तोही अवघड वाटला. तेव्हा ती मुलाला म्हणाली की, तूच का नाही सोपी करून देत? ती मागणी पुरी होण्याआधीच ऑक्टोबर १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीत तिचे बडोद्यास निधन झाले. पुरोहितांकरवी होणारा विधी विनोबांना मान्य नव्हता, म्हणून ते स्मशानात गेले नाहीत. आईची एक साडी आणि तिच्या पूजेतील अन्नपूर्णेची मूर्ती एवढेच त्यांनी जवळ ठेवले. खादीचे व्रत घेतल्यावर गिरणीची ती साडीही त्यांनी साबरमतीत सोडून दिली. मात्र आईची मागणी ते विसरले नाहीत. ७ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांनी गीतेचा सोपा समश्लोकी अनुवाद लिहायला घेतला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी तो पूर्ण केला. त्याला त्यांनी नाव दिले ‘गीताई’. त्या नावात गीता आहे आणि आईही आहे.

विनोबा, बाळकोबा आणि शिवाजी हे तिघे भाऊ आजन्म ब्रह्मचारी राहिले. त्यामुळे रुक्मिणीबाईंना मुलांकडून नातवंड लाभले नाही. तरीही महाराष्ट्रातील कितीतरी घरांत नातवंडांनी आपल्या आजीच्या तोंडून गीताई ऐकली आणि ती पाठ केली.

आपल्या समाजाचेही या घराशी एक ऋण जोडलेले आहे. जैन धर्माचे सार सर्व पंथांना मान्य होईल अशा एका ग्रंथात यावे, असा विनोबांनी ध्यास घेतला. भगवान महावीरांच्या पंचवीसशेव्या निर्वाण वर्षात, १९७४ साली, जिनेंद्र वर्णी यांनी संकलित केलेला ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ सर्व पंथांच्या मुनी-विद्वानांच्या संगीतीत मान्य झाला. १९८२ साली पवनार येथे विनोबांनी अन्न आणि औषध सोडले आणि १५ नोव्हेंबर रोजी देह ठेवला. तो दिवाळीचा, महावीर निर्वाणाचा दिवस होता.

रुक्मिणीबाईंना हे सारे पाहता आले नाही. त्यांच्या वाट्याला आले ते फणसाचे गरे, शेजारणीची चूल आणि लाख तांदूळ. प्रत्येक घरातील आजीपाशी अशाच गोष्टी असतात. मुलाने आठवून सांगितल्या म्हणून रुक्मिणीबाईंच्या राहिल्या. आपल्याकडील आजींच्या गोष्टी त्यांच्याबरोबरच जातात. नातवंडे मुंबई-पुण्यास किंवा परदेशी गेली आहेत, आणि खाडीकाठचे जुने घर वर्षातून चार दिवस उघडते. त्या चार दिवसांत आजीजवळ बसून विचारून घ्यावे. तिचे माहेर कोणत्या गावचे? लग्नानंतर ती इकडे कोणत्या वाटेने आली, लाँचने की बैलगाडीने? धंदा बसला त्या वर्षी तिने घर कसे चालवले? पहिला उपवास कोणत्या वयात केला? दारी आलेल्याला ती काय देत असे? उत्तरे तिच्याच शब्दांत लिहावीत आणि खाली तिचे पूर्ण नाव व तारीख घालावी.