त्या उन्हाळ्याची शांतता आणि आपले आरोग्य

2020 चा उन्हाळा आपण कुणीच विसरलेलो नाही. 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. मुंबईत लोकल थांबल्या, रिक्षा थांबल्या, कारखाने बंद पडले. 14 एप्रिलची जयंती आपण घरातच, बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावून साजरी केली. 7 मेची बुद्ध पौर्णिमाही विहारात न जाता गेली. रात्री दार उघडे ठेवून झोपले तरी हॉर्न ऐकू येत नव्हता. पहाटे रस्त्यालगतच्या वस्तीतही कोकिळेचा आवाज स्पष्ट यायचा.

ती शांतता सुखाची नव्हती. हाताला काम नव्हते, एका खोलीत सात-आठ माणसे, वर तापलेला पत्रा, आणि रुग्णवाहिकेचा सायरन वाजला की काळजात धस्स व्हायचे. तो काळ परत यावा असे कुणीच म्हणणार नाही. पण त्याने एक गोष्ट दाखवून दिली. शहरातला गोंगाट उन्हासारखा निसर्गाने दिलेला नाही. तो माणसांनी केलेला आहे आणि माणसांनी ठरवले तर कमी होतो.

आवाज शरीराला काय करतो?

मोठा आवाज म्हणजे धोका, असे आपले शरीर समजते. छाती धडधडते, रक्तदाब वाढतो, ताण वाढवणारी संप्रेरके रक्तात येतात. आपण झोपेत असलो तरी कान जागे असतात, त्यामुळे हे झोपेतही घडते. "आम्हाला सवय झाली," असे आपण म्हणतो. सवय मनाला होते, हृदयाला होत नाही. वर्षानुवर्षे असे चालले की रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. लहान मुले, गरोदर बाई, म्हातारी माणसे आणि बीपीचे रुग्ण यांना जास्त त्रास होतो.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. 10 डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. कायद्याने निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. 85 डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत कान सोसू शकतो. 100 डेसिबलला हीच मुदत फक्त पंधरा मिनिटांची असते. डीजेच्या भिंतीजवळ आवाज त्याहून जास्त असतो. कानाच्या आतल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

वस्तीत उन्हाळ्यात हा त्रास दुप्पट होतो. उकाड्यामुळे दारे-खिडक्या उघड्या असतात, माणसे गच्चीवर किंवा ओट्यावर झोपतात, पत्र्याच्या आणि फळीच्या भिंती आवाज अडवत नाहीत. लग्नसराई आणि जयंत्याही याच दिवसांत येतात.

आपण काय करू शकतो?

• हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज कानाला धोक्याचा आहे. तिथून दूर जा.
• स्पीकरसमोर तान्ह्या बाळाला नेऊ नका. मिरवणुकीत चालायचे असेल तर फोमचे इअरप्लग वापरा. साध्या कापसाने फारसा फरक पडत नाही.
• कानात गुंई आवाज येत असेल किंवा दडा बसला असेल आणि एका दिवसात बरे वाटले नाही, तर सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात दाखवा. अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी जा.
• झोपण्याची जागा रस्त्याकडच्या भिंतीपासून शक्य तेवढी दूर ठेवा.
• रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला बंदी आहे. सणासाठी रात्री बारापर्यंतची सूट सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस देऊ शकते. तक्रारीसाठी 112 वर फोन करता येतो.
• वस्ती महामार्गाला किंवा रुळाला लागून असेल, तर ध्वनिरोधक भिंतीची मागणी मंडळाच्या लेटरहेडवर लेखी द्या.

डीजे सगळेच लावतात, मग आपणच का थांबायचे, असे काही तरुण विचारतील. प्रश्न रास्त आहे, कारण नियम सगळ्यांनाच सारखा हवा. पण त्या भिंतीसमोरचे पहिले कान आपल्याच लेकरांचे असतात. 2020 ला डीजेशिवाय जयंती झाली म्हणून बाबासाहेबांचा मान तसूभरही कमी झाला नाही.

परळच्या चाळीतल्या एका खोलीत भीमरावांना अभ्यासाला जागा नव्हती. वडील रामजीबाबा रात्री जागे राहून दोन वाजता त्यांना उठवत, कारण तेव्हाच चाळ शांत असे. आज आपल्या गल्लीतही कुणी मुलगी दहावीचे पुस्तक उघडून बसलेली असते. तिला ती दोन वाजताची शांतता रात्री दहालाच मिळाली, तर तिला झोपही मिळेल आणि अभ्यासही होईल. एवढे आपल्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत ठरवता येईल.

जय भीम!