झपाटलेल्या वाड्याची रहस्यकथा

वारसाहक्काने मिळालेले जुने घर, त्या घराविषयीची भुताटकीची वदंता, त्याच्या आवारात झालेली वा होऊ घातलेली हत्या आणि ह्या सर्वांच्या छायेत जुळणारे प्रेम, अशा घटकांवर आधारलेला लोकप्रिय कथाप्रकार. भयकथा आणि गुन्हेशोधकथा ह्यांच्या सीमेवर तो वसलेला आहे. भयकथेत भूत खरे असते. गुन्हेशोधकथेत खुनी खरा असतो. प्रस्तुत प्रकारात ह्या दोहोंपैकी खरे कोण, हे वाचकास शेवटपर्यंत ठरविता येऊ नये, अशी रचना केलेली असते. मात्र भीतीचे आवरण दूर केले, की आत बहुधा एकच प्रश्न आढळतो : हे घर कोणाचे? भुताचा दावा घरावर असतो, खुन्याचाही असतो आणि वारसाचा तर असतोच. त्यामुळे ज्या समाजात वारसाचे जे नियम, त्यांनुसार ह्या कथेतील भुते, खुनी आणि नायिकाही बदलत गेल्याचे दिसून येते.

झपाटलेल्या घराची कथा फार जुनी आहे. अथेन्समधील अशा एका घराची हकिकत रोमन लेखक धाकटा प्लिनी ह्याने आपल्या पत्रात दिलेली आहे. तिला कादंबरीचे रूप मात्र अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये आले. होरेस वॉल्पोलच्या द कॅसल ऑफ ओट्रँटो (१७६४) ह्या कादंबरीतील सर्व अद्भुत घटनांच्या मुळाशी बळकावलेला वारसा आहे. ॲन रॅडक्लिफने द मिस्टरीज ऑफ युडोल्फो (१७९४) मध्ये नायिकेला दुर्गम किल्ल्यात कोंडून तिची मालमत्ता लाटू पाहणारा खलपुरुष रंगविला आणि अद्भुताचा अखेरीस बुद्धीला पटेल असा उलगडा करण्याचा पायंडा पाडला. ले फानूच्या अंकल सायलस (१८६४) मध्ये पुतणीच्या मृत्यूने चुलत्याचा लाभ होणार असतो, तर कॉनन डॉइलच्या द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स (१९०१–०२) मध्ये कुळाच्या शापाआड एक लपलेला वारस उभा असतो. डॅफ्नी द्यू मॉऱ्येच्या रिबेका (१९३८) ह्या कादंबरीत भूत असे नाहीच. मृत पत्नीची आठवणच घर व्यापून राहते. ह्या परंपरेमागे ज्येष्ठ पुत्रास सर्व जमीन देणारी इंग्रजी वारसापद्धती होती. एकच वारस असल्यामुळे एकच बळी पुरेसा ठरे.

महाराष्ट्रात ही चौकट जशीच्या तशी रुजणे शक्य नव्हते. येथील हिंदू कुटुंबांना प्रामुख्याने मिताक्षरा आणि व्यवहारमयूख ह्या ग्रंथांवर आधारलेला वारसाधर्म लागू होता. वडिलार्जित मालमत्तेत पुत्राला जन्मतःच हिस्सा मिळे. मृत्युपत्राने घर दूरच्या अनोळखी नातेवाइकाला मिळणे ही घटना त्यामुळे विरळ. वाडा सर्वांचा असे आणि म्हणूनच तो एकट्या कोणाचाच नसे. अशा घरात मारेकरी बाहेरून येण्याची गरज नसते. मराठीने ह्या स्थितीला ‘भाऊबंदकी’ हा अचूक शब्द दिला आहे. कृ. प्र. खाडिलकर ह्यांच्या १९०९ मधील नाटकाचे नावही तेच आहे.

त्या नाटकाचा विषय असलेली घटना ह्या कथाप्रकाराचा मराठी मूळनमुना मानावयास हरकत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. कटाचा ठपका चुलते रघुनाथराव ह्यांच्यावर आला व रामशास्त्री प्रभुणे ह्यांनी त्यांना दोषी धरले. आनंदीबाईंनी पत्रातील एक अक्षर बदलल्याची कथा आणि वाड्यात रात्री ऐकू येणाऱ्या हाकेची दंतकथा ह्या नंतरच्या लोकपरंपरेच्या आहेत. इतिहास म्हणून त्यांना आधार नाही. परंतु कथाप्रकार म्हणून पाहिल्यास वारसा, घर, आप्त खुनी आणि न शमलेला मृतात्मा हे सर्व घटक तेथे एकत्र आलेले दिसतात. १८२८ मध्ये वाडा आगीत भस्मसात झाल्यावर केवळ तट, दरवाजे आणि जोती उरली. दंतकथेस ते पोषकच ठरले.

भुतांच्या बाबतीतही मराठी लेखकाला पश्चिमेकडे पाहण्याचे कारण नव्हते. ए. एम. टी. जॅक्सन ह्यांनी जमविलेली आणि आर. ई. एंथोव्हेन ह्यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेली कोकणातील लोकसमजुतींची टिपणे ह्या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. त्यांत भुतांचे अनेक वर्ग येतात. मुंज झाल्यावर, पण सोडमुंज वा विवाह होण्यापूर्वी मेलेल्या मुलाचा मुंजा होतो व तो पिंपळावर राहतो. सवाष्णपणी मेलेल्या स्त्रीची जखीण होते. पण येथे सर्वांत महत्त्वाचा ठरतो तो समंध. लोभी आणि निपुत्रिक मनुष्य मेल्यावर समंध होतो, आपल्या धनाजवळ राहतो आणि त्याचा उपभोग कोणालाही, स्वतःच्या कुटुंबीयांनासुद्धा घेऊ देत नाही, अशी समजूत आहे. समंध म्हणजे वारसाविना उरलेल्या मालकीचेच भूत होय. इंग्रजी गॉथिक कथेतील भूत बहुधा अन्यायाची दाद मागते. समंधाची तक्रार एवढीच, की घरात दुसरे कोणी राहावयास आले. दत्तकविधान, श्राद्ध आणि मालमत्ता ह्यांचा हिंदू धर्मशास्त्रातील निकटचा संबंध लक्षात घेता ही कल्पना अनाकलनीय वाटत नाही.

स्त्री वारसदार होण्याचा प्रश्न कथेच्या दृष्टीने निर्णायक आहे, कारण एकाकी वारसदारीण हीच पाश्चात्त्य कथेची नायिका असते. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला पतीच्या हिश्शात मर्यादित हक्क मिळाला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने मुलगी वारस झाली. पण त्याच्या २३ व्या कलमानुसार, कुटुंबाच्या राहत्या घराची वाटणी पुरुष वारसांनी ठरविल्याशिवाय तिला मागता येत नसे आणि तेथे राहण्याचा हक्कही अविवाहित, परित्यक्ता, विभक्त वा विधवा मुलीलाच होता. घराच्या किंमतीत वाटा, पण घरात प्रवेश नाही, ही अवस्था कोणत्याही कादंबरीकाराच्या कल्पनेस मागे टाकणारी आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, त्या सुधारणेपूर्वी विवाह न झालेल्या मुलींना सहदायकत्व दिले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलींना सर्वत्र सहदायक केले व २३ वे कलमही रद्द झाले. हा इतिहास सर्वांना सारखा लागू नाही. वसई तालुक्यातील गिरीजसारख्या गावात हिंदू आणि ख्रिस्ती घरे एकाच वाटेवर असतात. त्यांपैकी ख्रिस्ती घराला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू असून, मृत्युपत्र नसल्यास विधवेला एकतृतीयांश आणि उरलेल्या भागात मुलगा व मुलगी ह्यांना समान वाटा मिळतो. शेजारच्या दोन घरांतील एकाच वयाच्या दोन मुली १९५६ पूर्वी, आणि राहत्या घरापुरत्या त्यानंतरही कित्येक वर्षे, कायद्याच्या दृष्टीने दोन निरनिराळ्या कथांतील पात्रे होत्या.

मराठी कादंबरीचा आरंभ अद्भुताकडे झुकलेला आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे ह्यांच्या मुक्तामाला (१८६१) पासून सुरू झालेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत सद्‌गुणी नायिका आणि कारस्थानी खल असतात. पण तेथे घर हे पात्र झालेले नाही. गो. ना. दातारशास्त्री ह्यांनी रेनल्ड्ससारख्या इंग्रजी लेखकांच्या आधारे लिहिलेल्या कादंबऱ्यांतून गुप्त वाटा, तळघरे आणि आप्तांची वैरे वाचकांच्या अंगवळणी पडली. त्यांच्या एका कादंबरीचे बंधुद्वेष हे शीर्षकच पुरेसे बोलके आहे. पुढे बाबूराव अर्नाळकर (१९०६–९६) ह्यांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून मराठीत वाचनाची सवय लावली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. त्यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. टोपणनावातील अर्नाळा हे गाव गिरीजच्या उत्तरेस त्याच किनाऱ्यावर आहे. झुंजार, काळा पहाड इ. नायकांच्या त्यांच्या विश्वात अद्भुताचा बुरखा प्रायः फाडला जातो आणि आत माणूस सापडतो.

नारायण धारप (१९२५–२००८) ह्यांनी नेमकी उलट दिशा घेतली. त्यांच्या समर्थकथांत आणि ४४० चंदनवाडी, लुचाई ह्यांसारख्या कादंबऱ्यांत दुष्ट शक्ती खरीच असते. पोलिसी तर्क तिच्यापुढे थिटा पडतो. पाश्चात्त्य भयकथांचा आधार त्यांनी अनेकदा घेतला. लुचाई स्टीफन किंगच्या कादंबरीवर बेतलेली आहे. तथापि मध्यमवर्गीय मराठी घरातील साधी संथ दिनचर्या उभी करून तिला हळूहळू तडा जाऊ देण्याचे त्यांचे कसब स्वतःचे होते. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) ह्यांनी ‘गूढकथा’ ही संज्ञा प्रतिष्ठित केली. खेकडा, गहिरे पाणी इ. संग्रहांतील भीतीचा उगम बव्हंशी माणसाच्या मनात असतो. कलादृष्ट्या ह्या तिघांत मतकरींचे लेखन सर्वांत सूक्ष्म आहे. मात्र वाड्याच्या कथेला लागणारे वातावरण धारपांच्या हाती अधिक सहजपणे येते.

हे वातावरण बरेचसे वास्तुरचनेतून येते. देशावरील वाड्याला दिंडीदरवाजा, देवडी, चौक, माजघर आणि माडी असते. भिंतींच्या पोटात धान्य साठविण्याची बळदे आणि खाली तळघर असते. बाहेरून मापलेले घर आतून कमी भरते, ह्या साध्या विसंगतीवर अनेक कथांचे रहस्य उभे राहते. कोकणातील घरात पडवी, ओटी, माजघर आणि वर अंधारा माळा असतो. मागे परसू, विहीर आणि त्यापलीकडे वस्ती नसलेले आगर. बाळंतिणीची खोली वर्षातील बराच काळ बंद असते. घराची राबती माणसे मुंबईस नोकरीला आणि मागे म्हातारी माणसे व कुलूपबंद खोल्या, ही विसाव्या शतकातील कोकणाची स्थिती लेखकांना तयारच मिळाली.

प्रेमाचा धागा मराठीत निराळ्या रीतीने विणला गेला. मुलगी वारसदार म्हणून घरात येण्यापेक्षा सून म्हणून येणे अधिक स्वाभाविक होते. तिला घराचा इतिहास कोणी सांगत नाही, कोणती खोली उघडावयाची नाही एवढेच सांगतात. पतीवर विश्वास ठेवावा की नाही, हा तिचा प्रश्न रिबेकामधील नायिकेच्या प्रश्नासारखाच असला, तरी येथे त्यात सासरच्या भयाची भर पडते. माहेरी परतणे अवघड असल्याने, ‘ही मुलगी घर सोडून जात का नाही?’ ही इंग्रजी कथेतील नेहमीची शंका मराठी वाचकाला येत नाही. परंतु विवाह आधीच झालेला असल्याने प्रियाराधनाला वाव उरत नाही. बऱ्याच कथांत मग वाड्यावर पाहुणा आलेला डॉक्टर वा चित्रकार योजावा लागतो आणि ही योजना क्वचितच पटते.

चित्रपटांनी हा प्रकार सर्वदूर नेला. मुंबईत निर्माण झालेल्या महल (१९४९) मधील भुताटकीचा उलगडा मानवी आहे. बिरेन नाग दिग्दर्शित बीस साल बाद (१९६२) बास्करव्हिल्सच्या कथेवर आधारित आहे. परदेशातून वडिलार्जित हवेलीत आलेला तरुण, गावातील मुलीशी त्याचे प्रेम आणि पूर्वजांच्या पापाचा सूड घेणारा मारेकरी, असा त्याचा सांगाडा. मूळ इंग्रजी कथेत खुन्याला मालमत्ता हवी असते. येथे वारसाला मालमत्तेबरोबर पूर्वजांचे देणेही मिळते. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे, ह्या हिंदू विधीतील जुन्या दायित्वाशी हा बदल सुसंगत आहे. ते दायित्व कायद्याने संपुष्टात आले ते २००५ मध्येच. दिग्दर्शकाने पुढे कोहरा (१९६४) हे रिबेकाचे रूपांतर केले. मराठीत वसंत जोगळेकर ह्यांचा हा खेळ सावल्यांचा (१९७६) ह्या प्रकारातील सर्वांत लोकप्रिय चित्रपट होय. महेश एलकुंचवार ह्यांच्या वाडा चिरेबंदी (१९८५) ह्या नाटकात भूत नाही आणि खुनीही नाही. पण खचत चाललेला वाडा, दागिने आणि वाटणीची कुजबुज हे त्यातील साहित्य तेच आहे. कुलूपबंद खोलीच्या कित्येक कथांपेक्षा ते अधिक अस्वस्थ करते.

कथेतील समजुती कथेपुरत्या राहतात असे नाही. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ ह्या काळात स्त्रिया व लहान मुलींच्या हत्या झाल्या. तपासात गुप्तधनाची लालसा आणि पिंपळावरील मुंजाला संतुष्ट करण्याची समजूत ह्यांचा संबंध पुढे आला. नरबळी व अघोरी प्रथांविरुद्ध महाराष्ट्राने २०१३ मध्ये स्वतंत्र कायदा केला. कोकणातील वाड्यात घडणाऱ्या रात्रीस खेळ चाले (२०१६) ह्या दूरचित्रवाणी मालिकेवर अंधश्रद्धा पसरविल्याचा व कोकणाची प्रतिमा मलिन केल्याचा आक्षेप घेण्यात आला, तो ह्या पार्श्वभूमीवर. कुटुंबप्रमुखाच्या मृत्यूनंतर एकत्र आलेले आप्त, मालमत्ता आणि संशय हाच तिचा गाभा होता. प्रेक्षकांनी ती उचलून धरली आणि तिचे आणखी दोन भाग निघाले. राही अनिल बर्वे ह्यांच्या तुंबाड (२०१८) ह्या हिंदी चित्रपटाला धारपांच्या कथेवरून प्रेरणा मिळाली, तर शीर्षक श्री. ना. पेंडसे ह्यांच्या तुंबाडचे खोत ह्या कादंबरीची आठवण देते. त्यात पडक्या वाड्याच्या पोटात धन आहे आणि त्याचा राखणदारही आहे. बाप मुलाच्या हाती सोपवितो ती मात्र ते धन काढण्याची युक्ती.